गोष्ट, श्रद्धा आणि इतिहास
जुन्नर-आंबेगावच्या मुलखातील काही दाखले

आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ अवसरी नावाची दोन गावे आहेत. एक अवसरी खुर्द, दुसरे अवसरी बुद्रुक. आपली मुले ही नावे एस.टी.च्या पाटीवर वाचतात, शाळेच्या दाखल्यावर लिहितात. पण 'खुर्द' म्हणजे काय आणि 'बुद्रुक' म्हणजे काय असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. 'खुर्द' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ लहान असा आहे. 'बुद्रुक' हे 'बुजुर्ग' या फारसी शब्दाचे मराठी तोंडात घडलेले रूप असून त्याचा अर्थ थोर किंवा वडील असा होतो. सुलतानी अमदानीत महसुली दप्तरात फारसी शब्दांची मोठी भरती झाली आणि एकाच नावाची दोन गावे ओळखण्यासाठी हे शब्द रूढ झाले. पुढे शिवाजी महाराजांनी दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' रचून घेतला. पण गावांच्या नावांतील खुर्द आणि बुद्रुक लोकांच्या तोंडातून गेले नाहीत.

अर्थ विसरला गेला की माणूस स्वस्थ बसत नाही. तो गोष्ट रचतो. महाराष्ट्रात अशा कितीतरी जोडगावांत दोन भावांच्या वाटणीची हकीकत सांगतात : थोरल्याचे ते बुद्रुक, धाकट्याचे ते खुर्द. ही गोष्ट दरवेळी खरी असेलच असे नाही, पण ती खोटेपणानेही सांगितलेली नसते. जे समजत नाही त्याला घरच्या नात्यागोत्याच्या भाषेत बसवून घेण्याची ती एक रीत आहे. लहानशा गावाच्या नावाबाबत जे घडते, तेच डोंगर, लेणी, मंदिर, दर्गा आणि थोर पुरुष यांच्याबाबतीतही घडत आले आहे. गोष्टीतून श्रद्धा कशी आकार घेते, आणि प्रत्येक धर्मपरंपरा वाडवडिलांकडून आलेल्या गोष्टींचा अर्थ नव्याने कसा लावते, हे आपल्याच मुलखातील दाखल्यांवरून पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

लेण्यांनी बदललेले अर्थ

जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी क्वचितच आढळतात. महाराष्ट्रात कोठेही जा, अशा लेण्यांविषयी खेड्यातला माणूस एकच गोष्ट सांगतो : पांडव वनवासात असताना त्यांनी ही एका रात्रीत कोरली. म्हणून कित्येक लेण्यांना 'पांडवलेणी' हेच नाव पडले.

मात्र जुन्नरची लेणी आपला इतिहास स्वतःच सांगतात. त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतील लेख आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात विद्वानांना ते वाचता आले. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील लेखात कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या दात्याचा उल्लेख आहे. कल्याणहून नाणेघाटमार्गे जुन्नरला व्यापारी तांडे येत, त्या वाटेचीच ही आठवण होय. शिवनेरी आणि मानमोडी येथील लेखांत 'यवन' म्हणवणारे परदेशी दातेही भेटतात. इरिल याने पाण्याची टाकी खोदून दिली, चिट याने भोजनमंडप दिला, चंद याने दर्शनी भाग कोरवून घेतला. दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशीचे लोक या मुलखात राहत होते, व्यापार करीत होते आणि येथील बौद्ध भिक्षुसंघाला दान देत होते, असे दगडावरची अक्षरे सांगतात. पांडवांच्या गोष्टीत या माणसांना जागा नाही. लेख वाचता आले म्हणून ती आपल्याला भेटली.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लेण्याद्रीचे सातवे लेणे हा मुळात भिक्षूंच्या निवासाचा मोठा विहार. त्याच्या तिन्ही बाजूंना वीस खोल्या आहेत. मागच्या भिंतीतील मधल्या दोन खोल्या एक करून तेथे गणपतीची स्थापना झाली आणि तो अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज म्हणून प्रसिद्धीस आला. पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी याच डोंगरात बारा वर्षे तप केले, अशी तेथील कथा आहे. आज सुमारे तीनशे पायऱ्या चढून भाविक गणपतीच्या दर्शनाला जातात. मानमोडीच्या अंबा-अंबिका लेण्यांतही असेच झाले. तेथे मूळच्या बौद्ध गुहांत पुढे जैन मूर्ती कोरल्या गेल्या आणि त्यांतील देवीला गावकरी अंबा म्हणून भजू लागले.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. एखादी जागा एकदा पवित्र मानली गेली की माणसे ती सहसा सोडत नाहीत. भिक्षू गेले, संघ मोडला, लिपी वाचणारा कोणी उरला नाही; तरी डोंगराविषयीचा आदर राहिला. त्या आदराला आधार म्हणून नवी कथा आली. शिवनेरीच्या एकाच डोंगरावर पहा : कातळात प्राचीन लेणी आहेत, शिवाई देवीचे स्थान आहे, वर कमानी मशीद आहे आणि ईदगाहही आहे. तिकडे पश्चिमेला भीमाशंकरच्या आवारात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत हाती आलेली ती घंटा. ख्रिस्ती प्रार्थनेची वेळ सांगण्यासाठी ओतलेली ही घंटा शंकराच्या दारी वाजू लागली आणि ऐकणाराला तिचा नाद परका वाटेनासा झाला.

एकच कथा, अनेक अर्थ

जागेचे जसे, तसेच कथेचे. रामाची कथा भारतात सर्वत्र आहे, पण ती सर्वत्र एकच नाही. विमलसूरी या जैन ग्रंथकाराने 'पउमचरिय' हे रामचरित्र लिहिले. ते आपल्या मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या माहाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यात रावणाला मारतो तो लक्ष्मण. राम मारीत नाही. असे का? अहिंसा हे जैन धर्माचे मुख्य व्रत. मोक्षाला जाणाऱ्या नायकाच्या हातून वध होणे त्या परंपरेला रुचणारे नव्हते. त्या ग्रंथात वानर हे माकडे नाहीत आणि राक्षस हे नरभक्षक नाहीत. ते विद्या जाणणारे मानववंश आहेत. वारशाने आलेली कथा जैन परंपरेने टाकून दिली नाही. तिला आपल्या नीतीच्या मुशीत घालून नवे रूप दिले.

बळीराजाची कथा याहून जवळची आहे. वामनाने तीन पावले जमीन मागितली आणि बळीला पाताळात घातले, ही पुराणातील हकीकत. दिवाळीत मात्र घरोघरच्या बायाबापड्या ओवाळताना बळीचे राज्य परत येवो अशी इच्छा करतात. पुराणात हरलेला राजा लोकांच्या मनात जिंकलेला आहे! महात्मा जोतीराव फुले यांनी हा विरोध नेमका हेरला आणि 1873 साली 'गुलामगिरी' या पुस्तकात बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा आणि वामनाला कपटी आक्रमक म्हणून उभे केले. पुराणातील अक्षर न अक्षर इतिहास आहे असे त्यांनी मानले नाही. ज्याच्या हाती कथा असते त्याच्या हाती समाजाचे मन असते, हे त्यांनी ओळखले होते. कष्टकऱ्याला आत्मसन्मान द्यायचा असेल तर त्याला त्याची कथाही परत दिली पाहिजे, असा त्या लेखनामागील विचार होता.

तिसरा दाखला भगवान बुद्धांचा. वैदिक परंपरेने बुद्धांना विष्णूचा नववा अवतार म्हणून सामावून घेतले. महाराष्ट्रात तर जुन्या चित्रांतून दशावतारांतील बुद्धाच्या जागी विठ्ठल दाखवलेला आढळतो. सामावून घेणे ही उदारता आहे असे कोणी म्हणेल. पण ज्याला सामावून घेतले त्याचे स्वतःचे म्हणणे त्यात बुडून जाते, ही दुसरी बाजूही आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धर्मांतराच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानीत नाही, अशा आशयाची एक प्रतिज्ञा आहे. कथेचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो हे यावरून कळते.

आपल्या घरातील दाखले

येथवर वाचून एखादा पालक म्हणेल, हे सारे दुसऱ्यांचे झाले. आमच्याकडे असे काही नाही. असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने ज्ञानात भर पडत नाही. आपल्याही परंपरेत वारशाने आलेल्या कथा आहेत, आणि त्यांच्याकडे कसे पाहावे याची उत्तम शिकवणही आहे.

हजरत युसुफ (अलै.) यांची हकीकत यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथात आधीपासून होती. कुरआनमजीदच्या बाराव्या सूरेत ती पुन्हा आली आणि तिला सर्वांत सुंदर किस्सा म्हटले गेले. मात्र सांगण्याचा रोख बदलला. वंशावळी, वर्षे आणि हिशेब यांना तेथे फारशी जागा नाही. धीर, पाकदामनी, क्षमा आणि अल्लाहवरील भरवसा यांवर सारा भर आहे. आता आपल्या घरांत या किश्श्यातील स्त्रीला सगळे 'जुलेखा' या नावाने ओळखतात. कुरआनात हे नाव नाही. तेथे ती केवळ अजीजची पत्नी आहे. नाव नंतरच्या परंपरेतून आले, आणि फारसी कवी जामी यांनी 1483 साली लिहिलेल्या 'युसुफ व जुलेखा' या काव्याने ते हिंदुस्थानापर्यंत घरोघर पोचले. आपल्या नानी-दादी जी कहाणी सांगतात तिच्यात कुरआनातला भाग कोणता आणि कवीने घातलेला भाग कोणता, हे मुलाला दाखवून दिले तर त्याचे ईमान कमी होणार नाही. उलट मूळ ग्रंथाकडे वळण्याची त्याला ओढ लागेल.

असहाब-ए-कहफ, म्हणजे गुहेत झोपलेल्या तरुणांची हकीकत, या दृष्टीने फार बोधप्रद आहे. इफेसस या शहरातील ख्रिस्ती तरुण जुलमी बादशहाच्या भयाने गुहेत गेले आणि दीर्घ काळाने जागे झाले, अशी कथा सीरियाकडील ख्रिस्ती समाजात प्रचलित होती. सहाव्या शतकाच्या आरंभी याकूब सरूगी या धर्मोपदेशकाने ती पद्यात सांगितली आहे. कुरआनच्या अठराव्या सूरेत ही हकीकत येते तेव्हा शहराचे नाव नाही, बादशहाचे नाव नाही. ते तरुण किती होते याविषयी लोकांत वाद होता. कोणी तीन म्हणत, कोणी पाच, कोणी सात, आणि सोबत त्यांचा कुत्रा. कुरआन हे सारे आकडे लोकांचे म्हणणे म्हणून नोंदवते आणि सांगते की खरी संख्या परवरदिगारच जाणतो, त्यावर व्यर्थ वाद घालू नये. केवढी मोठी शिकवण आहे ही! कथेचे मर्म धरा, तिच्या तपशिलावरून भांडू नका.

पुढे तफसीर लिहिणाऱ्यांनी पूर्वीच्या लोकांकडून ऐकलेल्या कितीतरी गोष्टी आपल्या ग्रंथांत घेतल्या. विद्वानांनी त्यांना 'इस्राईलियात' असे नाव दिले आणि त्यांतील ग्राह्य कोणत्या, अग्राह्य कोणत्या याची चर्चा केली. हदीस गोळा करणाऱ्यांनी तर याचे शास्त्रच बनवले. इमाम बुखारी (मृत्यू 870) आणि त्यांच्यासारख्या मुहद्दिसांनी प्रत्येक वचनाबरोबर सांगणाऱ्यांची साखळी तपासली : हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, दोघांची भेट होणे शक्य होते काय, तो माणूस सच्चा होता काय. 'सनद काय?' हा प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी, असे त्या काळी कोणी मानले नाही.

इब्न खल्दून यांनी 1377 साली लिहिलेल्या 'मुकद्दमा'त ही कसोटी इतिहासाला लावली. हजरत मूसा (अलै.) यांच्या फौजेत सहा लाख किंवा त्याहून अधिक लढवय्ये होते, असे इतिहासकार लिहीत आले होते. इब्न खल्दून विचारतात : एवढ्या फौजेला उभे राहण्यास मैदान किती लागेल? एका टोकाचे काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कसे कळेल? आणि हजरत याकूबपासून हजरत मूसांपर्यंत मोजक्याच पिढ्या झाल्या असताना वंश इतका कसा वाढेल? हा प्रश्न विचारणारा माणूस नास्तिक नव्हता. तो पुढे कैरो येथे मालिकी पंथाचा काजी झाला. पैगंबरांवरील श्रद्धा आणि आकड्यांची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

पीर आणि संत

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर झाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांचे नाव शहाजी आणि चुलत्यांचे नाव शरीफजी. मालोजीराजे आणि उमाबाई यांना पुत्र नव्हता, म्हणून अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या पीराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांना पीराचेच नाव दिले, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. यांतील इतिहास कोणता? शहाजी आणि शरीफजी ही नावे, आणि ती धारण करणारी माणसे. शरीफजी 1624 साली मलिक अंबरच्या बाजूने भातवडीच्या लढाईत पडले. नवसाला पीर पावला की नाही हे इतिहासाने ठरवावयाचे नाही. तो श्रद्धेचा प्रांत आहे. पण एका मराठा सरदाराच्या घरात पीराचे नाव मुलाला ठेवणे त्या काळी कोणाला विचित्र वाटले नाही, ही गोष्ट मात्र त्या नावांवरून निश्चित कळते.

पैठणच्या एकनाथ महाराजांच्या पारंपरिक चरित्रांतही असा प्रसंग आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. त्यांच्याकडे असताना दत्तात्रेय प्रकट झाले ते मलंग फकिराच्या वेषात, असे चरित्रकार सांगतात. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेशी जोडलेले पुरुष मानले जातात. श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही त्यांचेच शिष्य मानले जातात. 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्या या मुसलमान संताला वारकरी परंपरेने कबीराचा अवतार म्हटले. एका परंपरेतला थोर पुरुष दुसऱ्या परंपरेला आपलासा वाटला की ती त्याला आपल्या ओळखीचा पोशाख घालते. दत्ताच्या अंगावर फकिराची कफनी येते आणि शेखाला कबीराचे नाते मिळते. रा. चिं. ढेरे यांनी 1967 साली प्रसिद्ध केलेल्या 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथात या संतांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. आपल्या समाजातील मराठी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो ग्रंथ वाचावा.

जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे कपर्दिकेश्वराजवळ बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तुकाराम महाराजांना स्वप्नात उपदेश मिळाला तो यांच्याकडून. त्यांचे गुरू राघव चैतन्य. या राघव चैतन्यांचे स्थान कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आळंद येथे आहे, आणि तेथेच हजरत अलाउद्दीन अन्सारी, अर्थात लाडले मशाइख, यांचा दर्गाही आहे. एकाच आवारात दोन नावे, दोन समाज आणि अनेक पिढ्यांचा शेजार. पुढे कथेने आणखी एक पाऊल टाकले : दोन्ही पुरुष एकच होत, असे काही ठिकाणी सांगितले जाऊ लागले, आणि बाबाजी ज्यांना केशव चैतन्यही म्हणतात, ते म्हणजे कलबुर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज, असेही म्हटले गेले.

येथे इतिहासाची कसोटी लावून पाहू. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचे निधन 1422 साली झाले. बाबाजी चैतन्यांच्या समाधीचा शक परंपरेनेच 1493, म्हणजे इ.स. 1571 असा दिला आहे. दोहोंत जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर आहे. तेव्हा दोन्ही पुरुष एकच होते हे शक्य नाही. मग ती गोष्ट टाकाऊ म्हणावी काय? नाही. चरित्र म्हणून ती टिकत नाही. पण ज्यांनी ती सांगितली त्यांच्या मनाचा दाखला म्हणून ती मोलाची आहे. देहूच्या तुकोबांची गुरुपरंपरा आणि कलबुर्ग्याचा सूफी दरबार यांत नाते असावे, असे वाटणारी माणसे या भूमीत होती. हेही सत्यच आहे, आणि ते इतिहासानेच सांगितलेले सत्य आहे.

कुंपण घातले की

सामाईक गोष्टीला कुंपण घातले गेले की काय होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. करबलाची घटना 61 हिजरीच्या मोहरमच्या दहा तारखेची, म्हणजे इ.स. 680 ची. इराकच्या वाळवंटातील हे दुःख महाराष्ट्राच्या खेड्यांत पोचले तेव्हा ते साऱ्या गावाचे झाले. ताबुतांना हिंदू घरांतून नवस होत, डोल्यांपुढे लेझीम आणि हलगी वाजे. 1893 साली मुंबईत दंगे झाले. त्यानंतर पुण्यात हिंदूंनी ताबुतांत भाग घेऊ नये असा प्रचार झाला आणि 1894 पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. शहरात वाट वेगळी झाली, तरी कित्येक खेड्यांत जुनी रीत चालूच राहिली. आळंदलाही पिढ्यानपिढ्या शेजार नांदला; 2022 साली तेथे तणाव उभा राहिला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अशा वादात दोन्ही बाजू म्हणतात की आमची गोष्ट हाच इतिहास. एकदा असे म्हटले की दुसऱ्याची गोष्ट आपोआप खोटी ठरते, आणि ज्या जागेवर दोघे हात जोडत वा फातेहा पढत, तेथे पहारा बसवावा लागतो.

म्हणून गोष्ट आणि इतिहास यांतील फरक ओळखणे ही विद्वानांची चैन नव्हे. गावात सलोख्याने राहायचे असेल तर ती रोजच्या गरजेची वस्तू आहे. ज्या मुलाला हा फरक कळतो, त्याला कोणी जुनी दंतकथा सांगून भडकवू शकत नाही. त्याच्या पूर्वजांविषयी कोणी नवी दंतकथा उठवली, तर तो चिडून दगड उचलणार नाही. शांतपणे विचारील, 'याचा पुरावा काय?' आणि हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला मिळतो तो त्याने आपल्या घरातील गोष्टींनाही तोच प्रश्न विचारला असेल तर. कसोटी दुसऱ्यासाठी वेगळी आणि आपल्यासाठी वेगळी असेल, तर तिला कसोटी म्हणता येत नाही.

अल्बेरूनी यांनी ही नीती हजार वर्षांपूर्वी पाळली. 1030 च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानविषयी ग्रंथ लिहिला. त्यासाठी ते संस्कृत शिकले. येथील लोकांच्या श्रद्धा त्यांनी त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडल्या. प्रत्येक समाजात जाणकारांची श्रद्धा आणि सामान्यांची श्रद्धा यांत अंतर असते, हे त्यांनी लिहिले; आणि ते लिहिताना आपल्या समाजालाही त्यातून वगळले नाही.

पालक आणि विद्यार्थ्यांसाठी

मुलाने घरी येऊन विचारले की अमुक करामत खरोखर घडली काय, तर त्याला रागावून गप्प करू नये, आणि 'सगळे खोटे आहे' असे म्हणून वाऱ्यावरही सोडू नये. त्याला चार प्रश्न शिकवावेत. ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली? घटनेनंतर किती वर्षांनी सांगितली? पुढे सांगताना तिच्यात काय बदलले? आणि सांगणाराला तिच्यातून काय शिकवायचे होते? पहिल्या तीन प्रश्नांनी इतिहास हाती येतो. चौथ्या प्रश्नाने श्रद्धेचे मर्म हाती येते. दोहोंपैकी एकच धरला तर शिक्षण अर्धे राहते.

आपल्या विद्यार्थ्यांना यासाठी दूर जावे लागणार नाही. सुट्टीत लेण्याद्रीला जाऊन कोणते दालन विहाराचे आणि कोणता भाग नंतरचा, हे पहावे. शिवनेरीवरील शिवाई, कमानी मशीद आणि ईदगाह यांचा एकच नकाशा काढावा. ओतूरला जाऊन समाधीविषयी लोक काय सांगतात ते लिहून घ्यावे. आपल्या गावच्या उरुसाची आणि जत्रेची हकीकत दोन वृद्ध माणसांकडून, जमल्यास एका मुसलमान आणि एका हिंदू आजीकडून, ऐकावी आणि दोन्ही वह्यांत शेजारी शेजारी उतरवावी. कोणता तपशील दोघींनी सांगितला, कोणता एकीनेच सांगितला, याची नोंद करावी. मुलींनी हे काम विशेष करावे, कारण घरातील कहाण्यांचा खजिना स्त्रियांजवळ आहे आणि तो पुस्तकांत फार थोडा आला आहे. ही माणसे गेली की त्यांच्या गोष्टीही जातात. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याला त्याचे नाव राहिले, पण गाव राहिले नाही. लिहून ठेवले नाही तर गोष्टींचेही तसेच होईल.

अवसरी खुर्दला आज शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. परगावची मुले तेथे यंत्रविद्या शिकण्यासाठी येतात. यंत्राची विद्या अवश्य शिकावी. पोटाला आणि देशाला तिची गरज आहे. तिच्याबरोबर आपल्या गावाच्या नावातला 'खुर्द' कोठून आला हेही मुलाला सांगता आले पाहिजे. ते सांगताना त्याला कळेल की त्याच्या रोजच्या मराठीत फारसी आहे, त्याच्या डोंगरात प्राकृत आहे, आणि शिवनेरीच्या राजाच्या वडिलांचे नाव एका पीराशी जोडलेले आहे. एवढे ज्याला ठाऊक आहे, तो या मुलखात स्वतःला परका समजणार नाही आणि दुसऱ्या कोणाला परका म्हणणारही नाही.